नळी जोडणारा हात आणि मात्रा ठरवणारा हात

जळकोट तालुक्यातील डोंगराकडेच्या एका गावातले हे घर. घरातील आजींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. आयुष्याची पन्नासएक वर्षे चुलीपुढे गेलेली. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात. विडीला त्यांनी कधी हात लावला नाही, तरीही उतारवयात सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, त्यांच्या वाट्याला आला. एका हिवाळ्यात दम फार वाढला. आठ दिवस दवाखान्यात काढून त्या घरी परतल्या, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहून दिले होते : ऑक्सिजन, मिनिटाला १ लिटर, दिवसातून किमान १५ तास.

मुलाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतला. यंत्र घेऊन एक तरुण आला. बोलायला नम्र, कामात चलाख. त्याने यंत्र भिंतीपासून दूर ठेवले, बाटलीत पाणी भरले, नाकाची नळी नीट बसवली आणि जाता जाता फ्लोमीटरमधली गोळी ४ वर नेऊन ठेवली. "थोडा वाढवून ठेवलाय, भाऊ. मावशींना बरं वाटंल." बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ चा आकडा दिसला. घरातील सर्वांना हायसे वाटले. त्या तरुणाला चहा दिला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हाका मारूनही नीट जाग्या होईनात. डोके दुखते असे पुटपुटत आणि पुन्हा झोपेत जात. ऑक्सिमीटरचा आकडा तर उत्तम होता! मुलाने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "गोळी कितीवर आहे?" उत्तर ऐकून त्यांनी यंत्र बंद न करता मात्रा लिहून दिलेल्या १ लिटरवर आणण्यास सांगितले आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावून आजींना तातडीने रुग्णालयात हलवण्यास सांगितले. पुढचे काही दिवस मुखवट्याच्या यंत्रावर काढून आजी बऱ्या झाल्या. परंतु मुलाच्या मनात एक प्रश्न उरला. तो त्याने मला विचारला : "यंत्र घेऊन आलेला तो माणूस नेमका कोण होता? त्याने ती गोळी फिरवावी की नाही, हे आम्हांला कसं कळावं?"

आजचा लेख या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

ऑक्सिजन हेही औषधच

हवा फुकट मिळते, म्हणून ऑक्सिजन निरुपद्रवी असावा, असा आपला समज असतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत टाक्यांसाठी लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आणि 'जितका जास्त तितका चांगला' ही भावना मनात अधिकच पक्की झाली. वस्तुतः वैद्यकीय ऑक्सिजन आपल्या देशात औषधविषयक कायद्याखाली येतो आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. औषध म्हटले की त्याला मात्रा आली. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, रक्तातील प्रमाण कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान राखायचे, ही त्याची मात्रा होय. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन 'थोडे वाढवून' ठेवण्यास कोणी धजावणार नाही. ऑक्सिजनची गोळी मात्र कोणीही सहज फिरवतो.

सीओपीडीच्या काही रुग्णांचे शरीर उच्छ्वासातून बाहेर टाकायचा कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर टाकू शकत नाही. अशा रुग्णास गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन दिला, की फुफ्फुसांतील रक्तप्रवाहाचे नाजूक संतुलन बिघडते, श्वासाची प्रेरणाही काहीशी मंदावते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. डोके जड होते, गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतो. साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. म्हणूनच आकडा ९७ आणि रुग्ण बेशुद्धीच्या वाटेवर, असे घडू शकते. अशा रुग्णांत ८८ ते ९२ हे प्रमाण साधारणपणे पुरेसे आणि सुरक्षित मानले जाते.

ही भीती पुस्तकी नव्हे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या, दम लागलेल्या ४०५ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींना सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला गेला, तर काहींना ८८ ते ९२ हे प्रमाण राखण्याइतकाच मोजून. पहिल्या गटात शंभरात सुमारे ९ रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात सुमारे ४. रुग्णवाहिका त्याच, औषध तेच. फरक होता तो केवळ मात्रेचा.

म्हणजे गोळी फिरवणे ही यंत्रजोडणीतील शेवटची पायरी नाही. तो औषधोपचाराचा निर्णय आहे. तो कोणी घ्यावा, हे ठरवण्यासाठीच कायदा लागतो.

कायदा काय सांगतो

डॉक्टर आणि परिचारिका यांची नोंदणी होते, हे आपणांस ठाऊक असते. पण रुग्णालयात व्हेंटिलेटर हाताळणारे, फुफ्फुसांची फुंकर-चाचणी घेणारे, बायपॅपचा मुखवटा बसवणारे तंत्रज्ञ कोणत्या नियमाखाली काम करतात? बराच काळ त्यांच्यासाठी देशभर लागू असा एकच कायदा नव्हता. २०२१ साली संसदेने 'राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग अधिनियम' संमत केला. त्याच्या अनुसूचीत आरोग्यसेवेतील अनेक व्यवसाय दहा गटांत मांडले असून श्वसन-तंत्रज्ञांचाही त्यांत समावेश आहे.

या कायद्यातील दोन व्याख्या प्रत्येक घराने समजून घ्याव्यात अशा आहेत. पहिली 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' या संज्ञेची. रोगाच्या निदानास व उपचारास साहाय्यभूत होणारी तांत्रिक आणि प्रत्यक्ष कामे करण्याचे प्रशिक्षण घेतलेली, तसेच डॉक्टर, परिचारिका वा अन्य आरोग्यसेवा व्यावसायिकाने सुचवलेली उपचारयोजना अमलात आणण्यास मदत करणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. त्यासाठीचे शिक्षण किमान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले हवे. दुसरी व्याख्या 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या संज्ञेची. सल्ला देणे, देखरेख करणे, उपचारात्मक किंवा पुनर्वसनात्मक सेवा पुरवणे ही त्याची कामे; आणि त्यासाठीची पदवी किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची.

पहिल्या व्याख्येतील 'मदत' या शब्दावर आपण क्षणभर थांबू. सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचे कौशल्य मोठे असते. कित्येकदा अतिदक्षता विभागातील रुग्णाचा जीव त्याच्या सावध नजरेवर तगून असतो. तरीही त्याचे काम दुसऱ्याने आखलेल्या योजनेशी बांधलेले आहे. योजना आखण्याचा, म्हणजे निदान करून औषध व त्याची मात्रा ठरवण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम ३४ नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता तासांचा हिशेब करून पाहू. रुग्णसेवकाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, रोज आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरला, तरी ६०० तासांचा होतो. घरोघरी येणारे 'केअरटेकर' अनेकदा एवढ्याच किंवा याहून कमी शिक्षणावर काम करत असतात. त्यांच्या सेवेचे मोल यामुळे कमी होत नाही. आजींना कुशीवर वळवणे, स्वच्छता राखणे, जेवू घालणे, नळी निसटली तर पुन्हा बसवणे, आकडे वहीत टिपणे ही कामे ते मायेने करतात. पण २००० तासांच्या शिक्षणाने जी जबाबदारी येते, ती ६०० तासांच्या शिक्षणावर सोपवणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

कायदा झाला म्हणजे व्यवस्था उभी राहिली असे मात्र नाही. राज्याराज्यांत परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्यामुळे 'नोंदणी आहे का?' या आपल्या प्रश्नास आज काही ठिकाणी 'प्रक्रिया चालू आहे' असे उत्तर मिळेल. अशा वेळी शिक्षण कोणते, किती वर्षांचे आणि कोणत्या विद्यापीठाचे, हे विचारावे. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

कोणाचे काम कोणते

श्वासाच्या रुग्णाभोवती वावरणाऱ्या माणसांच्या सीमा आता एकेक पाहू.

यंत्र पुरवणारा प्रतिनिधी हा यंत्राचा जाणकार. यंत्र जोडणे, जाळी-फिल्टर साफ करून दाखवणे, बिघाड ओळखणे, वीज गेल्यास टाकीवर कसे जायचे ते शिकवणे, हे त्याचे काम. गोळी कितीवर ठेवायची हे तो कागदावरून वाचून ठेवील, स्वतःच्या मनाने नव्हे. बायपॅप यंत्राचा दाब बदलण्याच्या बाबतीतही हेच लागू. डॉक्टरांच्या लेखी सूचनेवाचून 'मुखवटा घट्ट वाटतो, दाब कमी करून देतो' असे कोणी म्हणाल्यास त्यास नम्रपणे थांबवावे.

श्वसन-तंत्रज्ञ हा फुफ्फुसांच्या चाचण्या करतो, व्हेंटिलेटर व बायपॅप डॉक्टरांच्या आदेशानुसार लावतो, रुग्णाची प्रतिक्रिया पाहतो आणि बदल हवा असे वाटल्यास डॉक्टरांना सांगतो. चाचणी उत्तम रीतीने घेणे हे त्याचे कसब. तिच्या अहवालावरून 'तुम्हांला दमा आहे, हा पंप सुरू करा' असे सांगणे हे डॉक्टरांचे काम.

नोंदणीकृत परिचारिका डॉक्टरांनी लिहिलेली औषधे देते, नेब्युलायझर लावते, घशाला छिद्र असलेल्या रुग्णाचा कफ यंत्राने ओढून काढते आणि हे तंत्र घरच्यांना शिकवते. फिजिओथेरपिस्ट श्वासाचे व्यायाम, कफ मोकळा करण्याच्या पद्धती आणि हळूहळू चालण्याची ताकद वाढवण्याचे काम करतो. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसाठी राज्याची स्वतंत्र परिषद असून तिचा कायदा २००२ सालचा आहे. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्याची सोय येथे आधीपासून आहे.

आणि घरची माणसे? कायदा व्यवसायाला लागतो, नात्याला नव्हे. सुनेने सासूबाईंना नेब्युलायझर लावला किंवा मुलाने वडिलांचा कफ काढला, तर तो वैद्यकीय व्यवसाय होत नाही. पण एक मर्यादा तेथेही आहे : जे शिकवले आहे तेच, आणि जेवढे लिहिले आहे तेवढेच. नेब्युलायझरमधील औषध शेजाऱ्यांच्या आजोबांना लागू पडले म्हणून आपल्या घरी आणू नये.

इतर देशांत काय आहे

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी असतात आणि 'तिकडे असे चालत नाही' असे फोनवर सांगतात. तिकडे काय चालते? कॅनडातील ओंटारियो प्रांताने १९९१ सालीच श्वसनोपचार व्यवसायाचा स्वतंत्र कायदा केला. ऑक्सिजन-उपचार देणे, श्वसनाच्या उपकरणांवर लक्ष ठेवणे, श्वसनविकारांचे मूल्यमापन व उपचार करणे असे या व्यवसायाचे क्षेत्र त्यात शब्दांत बांधले आहे. शिवाय श्वासनलिकेत नळी घालणे, खोलवरचा कफ ओढणे यांसारखी जोखमीची कामे नावानिशी मोजून दिली आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८२ साली असा परवाना-कायदा केला आणि पुढे बहुतेक सर्व राज्यांनी तो मार्ग धरला. उलट इंग्लंडमध्ये असा वेगळा व्यवसाय रुजलाच नाही. तेथे ही कामे फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका वाटून घेतात.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. माणसाचे पदनाम देशागणिक बदलते. कोणते काम धोक्याचे आहे आणि ते कोणत्या शिक्षणावाचून करू नये, हे आधी ठरवणे मात्र सर्वत्र आवश्यक मानले गेले आहे.

जेथे माणसे कमी, तेथे कागद हवा

यावर कोणी म्हणेल, हे सारे लातूर-नांदेडच्या मोठ्या रुग्णालयांना ठीक. जळकोटच्या वाडी-तांड्यावर श्वसन-तंत्रज्ञ कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे. आपल्याकडे आशाताई, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालय आणि त्यापुढे उदगीर किंवा लातूरची वाट, अशी ही साखळी आहे. श्वसनविकाराचे तज्ज्ञ दूर असतात. म्हणूनच सीमा अधिक स्पष्ट हव्यात. जाणकार मनुष्य शेजारच्या खोलीत असेल, तर चूक पाच मिनिटांत उमगते. तो दोन तासांच्या अंतरावर असेल, तर तीच चूक रात्रभर चालू राहते. आजींच्या बाबतीत नेमके हेच घडले.

तेव्हा रुग्णालयातून घरी येताना डॉक्टरांकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, ऑक्सिमीटरचा आकडा कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान राहावा, आकडा त्याखाली किंवा त्यावर गेल्यास काय करावे, आणि फोन कोणाला करावा. असा कागद मागणे हा आगाऊपणा नव्हे. आपल्या उपचारांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्कच आहे. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांच्या नोंदणीविषयक नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, ते याच भावनेने.

हा कागद यंत्रावरच चिकटवावा. घरी येणाऱ्या प्रत्येकास, मग तो यंत्राचा माणूस असो, रुग्णसेवक असो वा प्रेमापोटी सल्ला देणारे पाहुणे असोत, तो आधी वाचायला द्यावा. कोणी बदल सुचवलाच, तर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत : आपले शिक्षण काय? हा बदल कोणत्या डॉक्टरांनी सांगितला? तो आपण लिहून, सही करून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक सल्ले आपोआप थांबतात.

काही खुणा मात्र पाठ असाव्यात. ओठ वा नखे निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, नेहमीपेक्षा अधिक गुंगी, सकाळी उठताच डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे किंवा पसरलेल्या हातांची फडफड यांपैकी काही दिसल्यास ऑक्सिमीटरच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये. डॉक्टरांना कळवावे व १०८ वर फोन करावा. ऑक्सिजन स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणेही तितकेच घातक. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, उदबत्ती, विडी, चूल यांपैकी काहीही नको. हा नियम मोडण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने कोणालाही मिळत नाही.

शेवटी त्या तरुणाविषयी दोन शब्द. तो दुष्ट नव्हता, निष्काळजीही नव्हता. धापा टाकणारी म्हातारी पाहून त्याला कणव आली आणि हाताशी होते ते त्याने केले. त्याचे काम कोठे संपते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि घरच्यांनाही ते ठाऊक नव्हते. ती रेघ आखून देण्याचे काम कायद्याचे. पण तिची राखण घरातल्यांनाच करावी लागते.

पुढच्या महिन्यात फिल्टर बदलायला तोच तरुण आला. यंत्रावर चिकटवलेला कागद त्याने वाचला, गोळी १ वरच आहे ना हे वाकून पाहिले आणि हात मागे घेतला. आजींनी त्याला याही वेळी चहा पाजला.